समुद्र पाच मिनिटांवर म्हणजे नेमका किती लांब?

मागच्या अंकात कोकणातल्या एका वाडीवर चार दिवस राहून आल्याचं मी दोनच ओळी लिहिलं होतं, तर महिनाभर पत्रं आणि व्हॉट्सॲप सुरूच, कुठं गेलता, कसं गेलता, काय खाल्लं, आम्हाला झेपंल का. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय, सातबारा आणि गुडघेदुखीवाल्यांनी एक महिना थांबा. आधीच सांगते, मी लातूरची, समुद्र पहिल्यांदा बघितला तो लग्नानंतर, त्यामुळं हे काही जाणकाराचं बोलणं नाही, चार वेळा जाऊन चुका करून जे कळलं ते आहे.

ताई, आम्ही औशाकडचे, दोन घरं मिळून नऊ माणसं. एका ‘कंट्री इस्टेट’चे फोटो बघितलेत, सात एकर आंब्याची बाग, जुनं चिरेबंदी घर, खाली लिहिलंय समुद्र पाच मिनिटांवर. पुतण्या म्हणायलाय लगेच ॲडव्हान्स टाका नाहीतर जाईल. टाकू का?

पुतण्याला म्हणावं जरा दम धर, बाग कुठं पळून जात नाही. आधी फोन करा आणि तो फोन घरातल्याच माणसाला लागतोय का बघा, कारण पुष्कळदा तो नंबर पुण्या-मुंबईतल्या बुकिंगवाल्याचा असतो आणि त्यानं ती वाडी डोळ्यानं बघितलेली असेलच असं नाही.

आता ते पाच मिनिटांचं. तीन वर्षांपूर्वी आम्ही हेच वाचून गेलो होतो, ठिकाणाचं नाव सांगत नाही, माणसं खरंच चांगली होती. अंधार पडल्यावर पोचलो, लाटांचा आवाज पार उशाशी, म्हटलं चला पैसे वसूल. सकाळी सहाला चहाच्या आधीच पोरं टॉवेल घेऊन तयार, बाहेर येऊन बघतो तर समुद्र खाली आणि आम्ही वर, मध्ये तीन मजली उभा कडा आणि उतरायला पायवाटसुद्धा नाही. तिथला गडी म्हणाला, ‘पुळणीवर जायचंय तर गाडी काढा, वळसा आहे.’ पुळण म्हणजे वाळूचा किनारा. वळसा निघाला अर्ध्या तासाचा. ती पाच मिनिटं कावळ्याची होती, माणसाची नव्हती.

तिकडची जमीनच तशी आहे. वर जांभ्या दगडाचा सपाट सडा, तिथं आंबा-काजूच्या बागा, आणि खाली समुद्राच्या कडेला चिंचोळी पट्टी, त्यात गाव, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मग पुळण. म्हणून ‘समुद्र किती लांब’ असं विचारूच नका, ‘घर सड्यावर आहे का खाली वाडीत, आणि म्हाताऱ्या माणसाला पायी पुळणीवर जाता येतं का’ असं विचारा. तुम्ही सात एकर आंबा म्हणताय म्हणजे बहुतेक सड्यावरचंच असणार. सडा वाईट असं नाही, वारा भन्नाट आणि संध्याकाळ बघण्यासारखी. खाली वाडीत सावली, ओलावा, पाटाचं पाणी आणि डास.

दुसरं, जुनं घर फोटोत जेवढं देखणं दिसतं तेवढंच राहायला वेगळं असतं. ओटी, माजघर, पडवी अशा घराच्या नंतर खोल्या पाडलेल्या असतात, मधली भिंत प्लायवूडची, पलीकडचा घोरला की तुमची झोप गेली. संडास-बाथरूम पडवी ओलांडून परसात असेल तर रात्री टॉर्च घेऊन जावं लागतं, लेकीसुनांना आधी सांगून ठेवा. नऊ माणसं आहात तर सरळ अख्खं घर मागा, भावात पण उतरतं आणि घोरणारे आपलेच असतात.

आणि दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक म्हणजे माडाखाली गाडी लावू नका. माड म्हणजे नारळाचं झाड. आमच्या भाच्यानं सावली बघून लावली, दुपारी सुकी झावळ पडली, बॉनेटला हा एवढा पोचा, आणि सगळे म्हणायलेत नशीब नारळ नव्हता. दुसरं, पोरांना आंबे तोडू देऊ नका. झाड घरमालकाचं असलं तरी फळ त्याचं असेलच असं नाही, कित्येक बागा हंगामाला कराराने व्यापाऱ्याला दिलेल्या असतात, आणि तुमच्या पोरानं तोडलेल्या पाच कैऱ्यांचं बोलणं बिचाऱ्या घरमालकाला खावं लागतं.

मी परभणीत शिक्षक आहे. सुट्टी मिळते ती मे महिन्यात नाहीतर दिवाळीत. मे मध्ये गेलो तर इथल्या उन्हातून सुटका होईल ना? शिवाय हापूस.

सर, हापूस मिळेल, सुटकेचं मात्र अवघड आहे. आकडा बघितला तर परभणी त्रेचाळीस-चव्वेचाळीस आणि तिकडं तेहतीस-चौतीस, कुणालाही वाटेल महाबळेश्वरच. पण आपलं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो, तिकडं हवेतच एवढं पाणी की घाम वाळतच नाही, सकाळी नऊला शर्ट अंगाला चिकटतो तो रात्रीपर्यंत. आमच्या दिरानं तर पहिल्याच दिवशी कूलर मागितला. दमट हवेत कूलर कामच करत नाही, पाणी वाफ होईल तेव्हा गारवा येणार ना, उलट खोलीत अजून चिकचिक होते. तेव्हा विचारायचं एसी आहे का, आणि लाईट गेल्यावर निदान पंखा चालायला इन्व्हर्टर आहे का.

दुसरी गोष्ट तर मला खरंच धक्का देणारी होती. न्हाणीघराच्या दारावर पाटी, ‘पाणी जपून वापरा’. मी म्हटलं हे आम्हाला सांगताय? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आमचं लातूर, अंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासाला वापरणारी माणसं आम्ही. पण घरमालकीण काकूंनी विहीर दाखवली, तळ दिसत होता. लातूरला वर्षाचा पाऊस आठशे मिलिमीटरच्या आसपास, रत्नागिरीला तीन हजारांच्या वर, आणि तरी मे मध्ये टँकर! कारण जांभा दगड चाळणीसारखा, पाणी धरत नाही, आणि सह्याद्रीपासून समुद्र एवढा जवळ की नदी उतरली की संपली. तेव्हा मे मध्ये जाणार असाल तर पाण्याचं विचारूनच जा आणि पोरांना शॉवरखाली अर्धा तास उभं करू नका.

एवढं ऐकून पण जायचंच तर एप्रिलअखेर ते मे चे पहिले दोन आठवडे, आंबा, फणस, करवंदं, रातांबे सगळं एकदम असतं, रातांब्याची सालं उन्हात वाळत पडलेली, तेच आपलं आमसूल. मला विचाराल तर दिवाळीची सुट्टी धरा. पाऊस नुकताच गेलेला, विहिरी भरलेल्या, हवा बरी, मासळी भरपूर. माशाचं पण सांगते, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा पावसाळ्यात ‘ताजा पापलेट’ म्हणून पुढं आला तर तो कुठनं आला ते विचारा. त्या दिवसात सिंधुदुर्ग किल्ल्याकडं जाणाऱ्या होड्या पण बंदच.

आणि कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये रजा मिळालीच तर मंडणगड तालुक्यातलं वेळास. तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी. गावातल्याच घरांत उतरायचं, गादी खाली टाकलेली, ताट साधं. पिल्लू तळहाताएवढंपण नसतं आणि लाटेनं तीनदा मागं ढकललं तरी परत तिकडंच तोंड करतं. पिल्लं रोजच निघतील असं नाही, एक दिवस जास्तीचा ठेवून जा.

नांदेडहून गाडीनं एका दिवसात होईल का? ड्रायव्हर मीच, सोबत आई-वडील.

होईल हो, पण कशाला. लातूरहूनच रत्नागिरी साडेचारशे किलोमीटरच्या पुढं आहे, नांदेड त्याच्याही मागं. लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर हा रस्ता आता बरा झालाय म्हणून लोक जोश करतात आणि आंबा घाट लागतो तेव्हा अंधार पडलेला असतो, माणूस दमलेला, समोरनं ट्रकचा लाईट डोळ्यात. कोल्हापूरला मुक्काम करा, आईचं अंबाबाईचं दर्शन पण होतं, तुळजापूर वाटेतच आहे म्हणजे दोन देव्या एका फेरीत. सकाळी लवकर घाट उतरा. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढं बसवा आणि घाटाच्या आधी पोटभर मिसळ खाऊ घालू नका, हे मी अनुभवावरनं सांगतेय, जास्त विचारू नका.

संभाजीनगर-जालन्याकडच्यांनी पुणे धरून ताम्हिणी घाटानं माणगावला उतरावं, तिथनं दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर जवळ पडतं. चिपळूण-गुहागरला जायचं तर कऱ्हाड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. खाली उतरल्यावर मॅपवर किनाऱ्यानं जायचा रस्ता तुटल्यासारखा दिसतो, मध्ये खाडी येते, घाबरू नका, फेरीबोट असते, गाडीसकट पलीकडं नेते. वेसवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ. आमच्या सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसून पाण्यावरनं प्रवास केला आणि घरी आल्यावर समुद्राचं कमी, त्या बोटीचंच जास्त सांगत होते.

आई-वडिलांना गाडी झेपत नसेल तर नांदेड-पनवेल रेल्वे आहे, परळी, लातूरवरनं जाते, पनवेलला उतरून कोकण रेल्वेची गाडी धरायची. फक्त पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, तेव्हा मध्ये भरपूर वेळ ठेवा.

सासूबाई माळकरी आहेत. कांदा-लसूण खातात पण मासळीचा वाससुद्धा चालत नाही. त्यांना न्यावं का नको? (अंबाजोगाई)

न्या की! कोकण म्हणजे निस्ती मासळी असं आपल्याकडं धरूनच चालतात. दिवेआगर, केळशी, आंजर्ले, गुहागर या बाजूला कित्येक घरांत ब्राह्मणी पद्धतीचं शाकाहारी जेवणच असतं, चुलीपर्यंत मासळी जातच नाही. फोनवर ‘व्हेज मिळेल का’ असं नाही विचारायचं, व्हेज सगळीकडंच मिळतं. ‘घरात मासळी शिजते का, भांडी एकच आहेत का’ असं स्पष्ट विचारा, ते लोक पण स्पष्टच सांगतात, तोंडावर नाही म्हणायला कोकणी माणूस लाजत नाही.

खायला काय मिळेल म्हणाल तर कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, ओल्या काजूची उसळ, घावन, आंबोळ्या, तांदळाची भाकरी, सोलकढी. पहिल्या दिवशी सासूबाई नाक मुरडतील, सगळ्यात नारळ आणि थोडा गूळ, तिखट कुठाय. म्हणून पिशवीत कारळाची चटणी आणि ठेचा असू द्या. आमच्या सासूबाईंनी तर तिसऱ्या दिवशी ठेचा सोडला आणि पिठलं कसं केलं ते विचारायला चुलीपाशी जाऊन बसल्या. एकादशी मध्ये येत असेल तर आधी सांगा, साबुदाणा दुकानातनं आणावा लागतो, दुकान दोन मैलांवर असतं आणि दुपारी बंद असतं.

आमची पोरं विहिरीत सूर मारणारी, पोहायला पटाईत. समुद्राला भ्यायचं कारण काय? (बीड जिल्ह्यातून)

हेच कारण, दादा. ज्याला पोहता येत नाही तो गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहतो आणि घरी येतो. विहिरीतलं पाणी आहे तिथंच असतं, समुद्राचं पाणी तुम्हाला घेऊन जातं. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी वरनं सगळं शांत दिसतं आणि तिथंच माणसं बुडालीत.

एक साधा हिशेब तिथल्या म्हाताऱ्या आजोबांनी मला शिकवला, पंचांग घरात असेल तर मोबाईलची पण गरज नाही. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण, दिवसा पण आणि रात्री पण. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्याच्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं पण चुकत नाही, मी तीन दिवस घड्याळ लावून बसले होते, आमच्या ह्यांनी मला वेड्यात काढलं. वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढं सरकते, चंद्रामुळं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी लई वर येतं आणि लई मागं जातं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा जोर कमी.

पोरांना पाण्यात सोडायचं तर भरती चढत असताना, आणि ओहोटी लागली की बाहेर, कारण तेव्हा ओढ आत असते. खाडी समुद्राला मिळते तिथं आणि खडकांपाशी तर कधीच नाही. दोन्ही बाजूला लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गुळगुळीत, शांत दिसतोय, तिथं आपली माणसं हटकून उतरतात, शांत आहे म्हणून, आणि तोच पाणी आत ओढणारा पट्टा असतो. कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडं जोर लावायचा नाही, दम संपतो, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या पट्ट्यातनं बाहेर पडायचं आणि मग लाटेबरोबर यायचं. हे पोरांना घरीच सांगा, तिथं गेल्यावर कुणी ऐकत नसतंय.

आणि घेतलेली माणसं पाण्यात नको. सगळ्यांना कळतं काय म्हणतेय ते.

बिलात जीएसटी लावला, बरोबर आहे का? आणि ॲडव्हान्स किती द्यावा?

खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारापर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, भाडं त्याच्यापेक्षा जास्त असेल तर १८ टक्के. पण बिलावर जीएसटी नंबर छापलेला पाहिजे. वर्षाला वीस लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या लहान घरमालकाला नोंदणीच लागत नाही, मग त्यानं कर लावायचा पण नाही. ॲडव्हान्स एका रात्रीचा ठीक आहे. पूर्ण पैसे आजच भरा म्हणून मागं लागला की फोन ठेवा, दुसऱ्याच्या वाडीचे फोटो लावून पैसे उकळणारे फार झालेत. एमटीडीसीची म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाची निवासं आहेतच, गणपतीपुळे, हरिहरेश्वर, तारकर्लीला, तिथं असली भानगड नाही, फक्त बुकिंग त्यांच्या स्वतःच्याच साईटवर करा. फसलातच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला लगेच फोन लावा, दुसऱ्या दिवशी नाही.

माझी जालना जिल्ह्यात आठ एकर मोसंबी आहे. असंच काही आपल्याकडं करता येईल का? समुद्र नाही पण बाग आहे.

का नाही येणार. २०२० ला राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलंय, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी होते, तिथनं सुरुवात करा. पण कोकणाची नक्कल नको. एका ठिकाणी खड्ड्यात वाळू टाकून ‘बीच’ केलेला मी बघितलाय, कडेला प्लॅस्टिकचं नारळाचं झाड, कुत्रं झोपलं होतं तिथं. वेरूळच्या ३४ आणि अजिंठ्याच्या ३० लेण्या बघायला जगभरातनं माणसं येतात आणि हॉटेलात जेवून परत जातात, त्यातली दोन घरं तुमच्याकडं वळली तरी पुष्कळ. डिसेंबर-जानेवारीत हुरडा, मोसंबी झाडावर असेल तेव्हा बाग, उन्हाळ्यात सरळ बंद ठेवा. खर्च आधी संडास-बाथरूमवर करा, कमानीवर नंतर. आणि घरातल्या बाईला विचारल्याशिवाय काहीच ठरवू नका, पंचवीस माणसांच्या भाकरी तिलाच थापायच्यात.

शेवटचा प्रश्न, घरमालकांसाठी काही न्यावं का? रिकाम्या हातानं बरं वाटत नाही. (उदगीर)

पैसे देऊन राहतोय तरी असं वाटणं हे आपलंच, मलापण वाटतं. पेढे-बर्फी नको, दमट हवेत दोन दिवसांत बुरशी येते. शाळूचं पीठ न्या. तिकडं ज्वारी पिकत नाही, भाकरी तांदळाची नाहीतर नाचणीची. मी चार किलो नेलं, त्या काकूंना हातावर जमेना, मग मीच चुलीपुढं बसून थापून दाखवली, पहिली तव्यावर टाकताना मोडली, दुसरी अशी फुगली की त्यांचा नातू ओरडला. निघताना त्यांनी आमसुलाची पिशवी दिली आणि पैसे घेतले नाहीत. फक्त पीठ निघायच्या आदल्या दिवशी दळा, जुनं झालं की विरी जाते, मग कोकणात काय आणि उदगीरात काय, भाकरी तडकतेच.